दारात येणारा पहिला शिपाई

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, फक्त जरा नीटनेटके करून दिले आहे.)



समितीने आम्हाला बोलायला उभे केले. आम्ही काही प्राध्यापक नाही, की वकील नाही. शाळा नववीत सुटली. अठराव्या वर्षी गिरणीत बदली म्हणून लागलो आणि रिंग खात्यात तुटलेले धागे सांधण्यात उमर गेली. २०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी थांबली, ती थांबलीच. जे काही वाचले ते रात्रपाळीहून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तके नेऊन. तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय आम्ही स्वतः निवडलेला नाही. तो एका मुलीने आमच्या गळ्यात घातला. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या वस्तीतली काही मुले आणि तीन-चार मुली पहाटे पाच वाजता मैदानावर पळायला जातात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखी परीक्षेचे १००. आम्हाला झोप नसते, म्हणून आम्ही पण जाऊन बसतो, घड्याळ धरतो. एके दिवशी त्यातली एक मुलगी धापा टाकत आली नि म्हणाली, "काका, मोर्च्यात आपल्यावर ज्या काठ्या पडतात, त्याच काठ्या हातात घ्यायला आम्ही पळतोय का?"

आम्ही चाळीस वर्षे सभांतून बोलतोय, पण त्या पोरीपुढे आमचे तोंड बंद झाले. आम्ही म्हटले, "बाळा, वर्धापनदिनाला सांगतो." ते आज सांगायचे आहे. आणि त्यात आमची स्वतःची एक चूक आहे, ती पण आज या तथागतांच्या मूर्तीसमोर कबूल करायची आहे.

बंधूंनो, हाक आली की पहिला धावून जाणारा माणूस ही आजची गोष्ट नाही. गावगाड्यात तो माणूस कोण होता? आपलाच आजा-पणजा. रात्री वेशीवर जागणारा येसकर आपला. चोराचा माग काढायचा, सरकारी टपाल नि खजिना पोहोचवायचा, मयताचा सांगावा दुसऱ्या गावाला न्यायचा, पाटलाने हाक मारली की हातातली भाकर टाकून उठायचे. दिवस नाही, रात्र नाही. मोबदला काय? बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की करून ठेवली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याला दुरुस्ती मांडली, ती ही गुलामी तोडण्यासाठी. ही कनिष्ठ वतने शेवटी कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

म्हणजे बघा, गावावर संकट आले की पहिला धावणारा आम्हीच होतो. हातात काठी पण होती. पण त्या काठीला अधिकार नव्हता, पगार नव्हता, मान नव्हता. गावाची राखण करणाऱ्याला गावाच्या विहिरीचे पाणी नव्हते. आज आपला मुलगा खाकी घालतो तेव्हा त्याला नेमणुकीचा कागद मिळतो, पगार मिळतो, आणि त्याच्या काठीमागे संविधान उभे असते. हा फरक ज्याला कळला नाही, तो खाकी घालून सुद्धा येसकरच राहील. साहेबाने हाक मारली की धावणार, कायद्याने हाक मारली की नाही.

आता मुंबईकडे येऊ. गिरणी कामगार आणि पोलीस शिपाई हे या शहरात एका नळावर पाणी भरणारे लोक. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी बघा. एका खोलीत गिरणीवाला, पलीकडच्या चाळीत शिपाई. दोघेही गावाकडून आलेले, दोघेही पाळीवाले, दोघांच्याही बायका महिनाअखेरीला वाण्याकडे उधारीची वही घेऊन जायच्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील संपात होते, आम्ही शाळेत. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांचा उद्रेक झाला. पंधरा ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या होत्या, त्यानंतर त्यांचे पुढारी पकडले गेले आणि शिपाई रस्त्यावर आले. गिरणगावात कामगार पण त्यांच्याबरोबर उतरले. लष्कर बोलवावे लागले. पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली.

त्या दिवशी आम्ही पोरांनी पहिल्यांदा पोलिसाला रडताना पाहिले. खाकी शर्ट काढून बनियनवर जिन्यात बसलेला शेजारी. कालपर्यंत आम्ही ज्याला बघून पळायचो, तो. तेव्हा कळले, हा पण कामगारच आहे, फक्त याला संप करता येत नाही. आम्हाला निदान युनियन तरी होती.

पण म्हणून सगळे गोडगोडच सांगून चालणार नाही. ११ जुलै १९९७ हा दिवस आपण कोणी विसरू शकत नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक हमरस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार गैरवाजवी ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरून जन्मठेप सुनावली. बारा वर्षांनी. ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांनी ती बारा वर्षे कशी काढली असतील?

आम्ही हे का सांगतो? त्या सकाळी लोक रागात होते, रडत होते. तिथे पहिला पोहोचणारा माणूस कसा आहे, बोलतो कसा, थांबतो किती, यावर पुढचे सगळे होते. शब्द घेऊन माणूस पोहोचला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पोहोचली ती बंदूक. पहिली दहा-पंधरा मिनिटे, बंधूंनो. पुढची बारा वर्षे कोर्टात जातात ती त्या दहा-पंधरा मिनिटांमुळे.

रिंग खात्यात आम्ही रोज हेच केले. धागा तुटला की तिथल्या तिथे सांधायचा. उशीर झाला की कापूस रोलरला गुंडाळत जातो, शेजारचे धागे पण तोडतो, मग जॉबर येऊन ओरडतो. पहिल्या पोलिसाचे काम म्हणजे तुटलेला धागा सांधायचे काम. तपास, आरोपपत्र, खटला हे सगळे मागून येते. पण पहिल्याने काय पाहिले आणि काय लिहिले, त्यावरच ते उभे राहते.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यात पुष्कळांना ते माहीत नाही. पूर्वी १०० नंबर होता, आता देशभर ११२ आहे. फोन नियंत्रण कक्षात जातो. तिथे बसलेला माणूस विचारतो, काय झाले, कुठे झाले, कोणाला लागले का. मग जवळच्या गाडीला किंवा मोटारसायकलवरच्या बीट मार्शलला निरोप जातो. दोन शिपाई, एक वायरलेस, एक काठी. त्यांना एवढेच कळलेले असते की अमुक चाळ, अमुक मजला, भांडण. दारूचे भांडण आहे, की आत कोणी मरून पडले आहे, की कोणी सुरा घेऊन उभा आहे, काही माहीत नसते. वर चढायचे, दार वाजवायचे. जे दिसेल ते आवरायचे, जखमीला दवाखान्यात धाडायचे, जागेवर कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि परत येऊन ठाणे अंमलदाराकडे नोंद करायची. या नोंदीला आपण कागद समजतो. तो कागद नाही, तो उद्याचा साक्षीदार आहे.

आता आमची चूक सांगतो.

२०१२ सालच्या थंडीतली गोष्ट. शनिवारची रात्र, साडेबारा वाजून गेलेले. आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीतून बाईच्या ओरडण्याचा आवाज. पहिल्यांदा नव्हता तो. पण त्या रात्री दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने १०० नंबर फिरवला. पाव तासात दोन पोलीस आले. एक हवालदार, साधारण आमच्या वयाचा, आणि एक कोवळा शिपाई. तोपर्यंत आम्ही सगळे गॅलरीत जमलो होतो. नवरा घाम पुसत खाली मान घालून बसलेला. ती भिंतीला टेकून उभी, ओठ फुटलेला, पोर कडेवर.

हवालदाराने विचारले, "बाई, तक्रार द्यायची आहे का?"

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने आमच्याकडे पाहिले. कारण आम्ही वस्तीतले कार्यकर्ते, आमचा शब्द चालायचा, आणि तिच्या नवऱ्याचे वडील आमच्याबरोबर या विहाराच्या बांधकामाला विटा वाहिलेले. आम्ही पुढे होऊन म्हटले, "साहेब, घरातला मामला आहे. आम्ही जबाबदारी घेतो. सकाळी दोघांना विहारात बसवून समजावतो."

हवालदार म्हणाला, "बघा हं, तुम्ही म्हणताय म्हणून." कोवळा शिपाई काहीतरी बोलणार होता, त्याने नुसते तोंड उघडून मिटले. दोघे जिना उतरून गेले. आम्ही सकाळी खरेच दोघांना बसवले, पंचशीलाचे दोन शब्द सांगितले, त्याने हात जोडले, आम्हाला वाटले झाले काम. खरे सांगायचे तर मनात आणखी एक गोष्ट होती. पोलिसांची गाडी आपल्या चाळीच्या दारात दोनदा दिसली तर लोक काय म्हणतील. वस्तीची अब्रू. त्या अब्रूचे ओझे आम्ही तिच्या अंगावर टाकले.

तीन आठवड्यांनी ती रुग्णालयात होती. हात दोन ठिकाणी मोडला, डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले, ते आजपर्यंत. रुग्णालयातून पोलिसांना कळवले गेले आणि जबाब घ्यायला आला तो तोच कोवळा शिपाई, एका महिला पोलिसाबरोबर. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. या वेळी त्याने आम्हाला आत येऊ दिले नाही. म्हणाला, "काका, आता तुम्ही बाहेरच थांबा." अर्धा तास ती आत बोलत होती. बाहेर आल्यावर तो आमच्याशेजारी बसला. रागावला असता तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला, "काका, त्या रात्री ती तुमच्याकडे बघत होती आणि आम्ही पण तुमच्याकडेच बघितलं. मी तिला बाजूला घेऊन एकटीला विचारायला पाहिजे होतं. ते माझं काम होतं. तुमचं काम नव्हतं."

मायबहिणींनो, आम्ही वयाने त्याच्या बापाएवढे. पण धडा त्याने दिला. आम्ही घरी येऊन कायदा वाचायला घेतला. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेला. त्यात लिहिले आहे की अशी तक्रार कळलेल्या पोलिसाने त्या बाईला तिचे हक्क सांगायचे. संरक्षणाचा आदेश मागता येतो, फुकट वकील मिळतो, फौजदारी तक्रार वेगळी करता येते. म्हणजे नुसते "तक्रार आहे का" एवढे विचारून पोलीस सुटत नाही, आणि "घरातला मामला" म्हणून आम्ही पण सुटत नाही. सहा वर्षे तो कायदा होता. आमच्या कपाटात नव्हता, एवढेच.

आज हे सांगण्याआधी आम्ही तिला विचारले. ती आता दुसरीकडे राहते, आपल्या पायावर उभी आहे, पोर कॉलेजात जाते. ती म्हणाली, "सांगा ना. पण माझं नाव नको. तुमचं सांगा." म्हणून आमचे सांगितले.

तो शिपाई पुढे आमच्या घरी येऊ लागला. चहाला, भाकरीला. त्याच्याकडून आम्हाला जे कळले ते भरतीच्या पुस्तकात नाही. एकदा आम्ही विचारले, "तुला भीती कशाची वाटते रे?" तो म्हणाला, "काका, दार उघडण्याची. गोळी-बिळीची नाही. दार उघडलं की आत काय असेल ते." गळफास घेतलेल्या पोराला खाली उतरवायचे, त्याच्या आईला धरायचे, पंचनाम्याला पंच शोधायचे, मयत शवागारात पोहोचवायचे, आणि तिथून थेट दुसऱ्या कॉलला जायचे. बेवारस मयताजवळ कोणी नसते, शिपाई असतो. घरी गेल्यावर मुलगी विचारते, "बाबा, आज काय केलं?" तर म्हणायचे, "काही नाही, ड्युटी."

आणि ड्युटी किती? आठ तासांसाठी आपल्या बापांनी लढे दिले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. पण पोलिसाला तो भोंगा कधी वाजलाच नाही. बारा तास नेमाचे, वर बंदोबस्त. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि तो आराखडा तिथल्याच एका शिपायाने तयार केलेला होता. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते, त्यांनी त्याचे ऐकले. एका शिपायाच्या कागदावरून शहराची पाळी बदलायला सुरुवात झाली, ही लहान गोष्ट नाही. पण आमचा तो पोरगा म्हणतो, "काका, बंदोबस्त लागला की आठाचे सोळा कधी होतात, कळत नाही."

सहा डिसेंबरला आपण चैत्यभूमीला जातो. लाखोंची रांग असते. त्या रांगेकडे तोंड करून उभा असलेला शिपाई किती तासांपासून उभा आहे, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे का? आम्ही पण विचारले नव्हते. आता दरवर्षी पाण्याच्या दोन बाटल्या जास्त नेतो.

धाडसाचे म्हणाल तर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात काठी घेऊन उभे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस. समोरच्याच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून तो अतिरेकी जिवंत सापडला. २००९ साली ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ऑगस्ट २०१६ मध्ये वाहतूक शाखेचे विलास शिंदे खारला हेल्मेट नसलेल्या पोराला अडवायला गेले, डोक्यात मार बसला आणि काही दिवसांनी गेले. एकाने बंदुकीची नळी धरली, एकाने साधी दुचाकी अडवली. दोघेही कामावर होते. आम्हाला तरी दोन्ही मरणे सारखीच वाटतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर.

बाळा, काठी त्याच काठ्या आहेत, हे खरे आहे. पण काठी आपणहून उठत नाही, हात उठवतो. तो हात कोणाचा आहे आणि त्या हातामागचे डोके काय वाचून आले आहे, यावर सगळे आहे. तू नाही गेलीस तर ती जागा रिकामी राहणार नाही, दुसरे कोणीतरी जाईल. उद्या रात्री साडेबाराला कोणा बाईच्या दारात तू उभी असशील. गॅलरीत आमच्यासारखा एखादा पुढारी पुढे होऊन म्हणेल, "मॅडम, घरातला मामला आहे." तेव्हा त्याला म्हण, "काका, तुम्ही बाहेर थांबा." एवढे तुला म्हणता आले तर आमच्या मैदानावरच्या सगळ्या पहाटा कारणी लागल्या.

खाकीत जाणाऱ्या सगळ्यांना आमचे एवढेच सांगणे. खरे असेल ते लिहा. गरीब माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला आधी बसायला सांगा, मग विचारा. कोणाला पकडले तर त्याच्या घरी कळवा, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभे करा. हे संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे आणि डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले आहेत. आणि चुकीचा हुकूम आला तर रमाबाई नगर आठवा. हुकूम देणारा कोर्टात उभा राहतो, तसा मानणारा पण कधीतरी राहतो. निदान स्वतःपुढे तरी.

आणि इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, फोन करायला लाजू नका. ज्या दहावीतल्या मुलीने त्या रात्री फोन केला, तिला आम्ही तेव्हा रागावलो होतो. आज तिची जाहीर माफी मागतो. त्या मजल्यावर शहाणी तीच एकटी होती.

दुसरी, पोलीस आले की वाट मोकळी करा आणि ज्याला लागले आहे त्याला बोलू द्या. आपण त्याच्या वतीने बोलायचे नाही. पोलिसाच्या अंगावर धावून जायचे नाही, तो गुन्हा आहे, आणि त्याने आपलेच काम बिघडते. तो चुकला तर त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचा, वेळ लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या.

तिसरी, "ही आमची हद्द नाही" हे ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्याने लिहून घ्यायचा, आणि तक्रारदाराला प्रत फुकट द्यायची. ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. नवरा-बायकोच्या भांडणासारख्या काही बाबतींत आधी थोडी चौकशी करायची मुभा आहे, पण त्या नावाखाली तक्रार दाबून ठेवायची नाही. ठाण्यात नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना, मुंबईत उपायुक्तांना, टपालाने पाठवा. तिथेही नाही झाले तर न्यायाधीशाकडे जाता येते.

चौथी, जातीवरून अत्याचार झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याचा तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असे १९९५ च्या नियमांत आहे. तोंडी सांगितलेले लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, मगच सही घ्यायची. यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी नोकराला चौथ्या कलमाखाली सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. हे तोंडपाठ करा. पण त्याच तोंडाने हे पण लक्षात ठेवा, की बाहेरच्याने मारले तर आपण कायदा मागतो आणि घरातल्याने मारले तर विहारात बसवून समजावतो, हा दुटप्पीपणा आहे. मार खाणाऱ्याचे अंग एकच असते.

आमची समितीला एक विनंती आहे. कपाटात या कायद्यांची मराठी पुस्तके ठेवा. दर महिन्याच्या एका रविवारी भरतीच्या मुलांनी ती मोठ्याने वाचावीत आणि आपण म्हाताऱ्यांनी ऐकावीत. आम्ही पहिल्या रांगेत बसू. आणि यापुढे मारहाणीचा मामला समजुतीसाठी या सभागृहात कोणी आणू नये, असा ठराव करावा. तो ठराव आम्ही मांडतो, कारण मोडला पण आम्हीच होता.

तो शिपाई आता हवालदार झाला आहे. मागच्या पौर्णिमेला येऊन गेला. थकलेला दिसत होता, डोळ्यांखाली काळे. आम्ही विचारले, "सोडावीशी वाटते का रे नोकरी?" तो म्हणाला, "वाटते काका. पण मग वाटतं, दार कोण उघडणार?"

इतके बोलून आमचे शब्द संपवतो. पहाटे पाचला मैदानावर आम्ही आहोतच. ज्यांना पळायचे आहे त्यांनी यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.